मोठा कोण?

वाचन : मार्क ९:३३-३७, १ करिंथ १२:१४-२६



यंदा उन्हाळी सुट्टीत आम्ही संडे स्कूलच्या चौघा स्वयंसेवकांनी एक नवाच उद्योग केला. बालाघाटचं मे महिन्याचं ऊन आपल्याला माहीतच आहे. दुपारी मुलं घराबाहेर पडत नाहीत आणि संध्याकाळी मोबाइल सोडत नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून त्यांना ‘स्टार ट्रेक’चे जुने भाग दाखवायचे ठरले. शेवटी दोन चित्रपटही दाखवले. संवाद इंग्रजीत, म्हणून आमच्यातला एकजण बाजूला उभा राहून अर्धं मराठी, अर्धं हिंदी करून सांगायचा. मुलांना चित्रापेक्षा त्याचीच जास्त मजा वाटायची.

पाळकसाहेबांनी हसून परवानगी दिली, पण एक अट घातली. प्रत्येक शनिवारी शेवटी मुलांबरोबर प्रार्थना करायची आणि जे पाहिलं त्यावर बोलायचं. ती अट आम्ही पाळली, आणि त्यातूनच हा लेख लिहायची वेळ आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ‘एंटरप्राइझ’ नावाचं अंतराळयान आणि त्यावरच्या माणसांच्या सफरी, असा विषय. तीन वर्षांत ७९ भाग झाले. मधे बंद पडायची वेळ आली तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा ढीग पाठवून तिसरं वर्ष मिळवलं. १९६९ मध्ये ती संपली खरी, पण नंतर चित्रपट आले, १९८७ मध्ये नवा कप्तान घेऊन दुसरी मालिका आली, मग तिसरी, चौथी. सगळ्यांत चांगलं पात्र कोणतं, हा तिच्या चाहत्यांचा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो मिटेल असं दिसत नाही.

आम्हा मोठ्यांची तिच्याशी ओळख लहानपणीची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही घरी टीव्ही नव्हता. सुट्टीत छोट्या लाईनच्या गाडीने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर, मामाकडे, असा आमच्यातल्या दोघा भावंडांचा प्रवास असे. मामाकडे टीव्ही होता, पण रविवार म्हटला की उपासनाही होती. मामा बुटांची नाडी बांधत दारात उभे आणि आम्ही पडद्यासमोर एक पाय चपलेत घालून. शेवटी मामाच येऊन बटण बंद करायचे. यानावरच्या माणसांचं पुढे काय झालं ते आम्हाला अनेक वर्षं कळलंच नाही. उपासनेत बसून आम्ही दोघे कुजबुजत वाद घालायचो, “कप्तान वाचवेल.” “नाही, स्पॉकच वाचवेल.” आणि मामींचा चिमटा बसायचा.

तोच वाद या सुट्टीत आमच्या हॉलमध्ये पुन्हा पेटला.

शेवटचा शनिवार होता. बाहेर वादळी पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. चित्रपट नुकताच संपला होता. चौदा-पंधरा मुलं, आम्ही चौघे आणि दोन मेणबत्त्या. घरी जाता येईना. मग कुणीतरी विचारलं, “सगळ्यांत भारी कोण?” झालं!

थोरल्या मुलांची कप्तान कर्कची पार्टी. त्यांचं म्हणणं, निर्णय त्याचा, धोका त्याचा. कप्तान नसेल तर बाकीचे काय करतील? दुसरी पार्टी स्पॉकची. तो उंच कानांचा, शांत, तर्काने बोलणारा. त्यांनी १९८२ चा चित्रपट पुढे केला. त्यात यान वाचवण्यासाठी स्पॉक एकटा किरणोत्सर्गाच्या खोलीत शिरतो आणि काचेपलीकडे मित्राच्या डोळ्यांदेखत मरतो. एक मुलगी म्हणाली, “मित्रांसाठी जीव देणं, हे तर आपण योहान पंधरामध्ये शिकलो.” आम्हाला बरं वाटलं. शिकवलेलं कुठेतरी रुजलं होतं.

पण कर्कची पार्टी गप्प बसणारी नव्हती. १९८४ च्या पुढच्या चित्रपटात त्याच स्पॉकला परत आणायला कर्क आणि त्याचे सोबती हुकूम मोडून निघतात आणि आपलं लाडकं यानही गमावतात. एकासाठी सगळं पणाला लावतात. “मग नव्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ कोण झाला? कर्कच ना?” असं एका मुलाने विचारलं. खरं सांगतो, वर्षभराच्या वर्गांत आम्ही लूक पंधराव्या अध्यायावर इतकी चांगली चर्चा घडवून आणू शकलो नव्हतो. अनेकांसाठी एकाने जावं की एकासाठी अनेकांनी निघावं? आम्ही त्यांना सांगितलं की वधस्तंभाकडे पाहा. तिथे एकाने सर्वांसाठी जीव दिला, आणि तोच आपल्यातल्या एकेकाला नावाने शोधत फिरतो. यात हे की ते, असं निवडावं लागत नाही.

मग आम्ही मोठेही त्यात उतरलो. आमच्यातल्या एकीने डॉक्टर मॅकॉयची बाजू घेतली. चिडका, पण दुसऱ्याच्या दुखण्याने कळवळणारा. ती भूमिका करणारे डीफॉरेस्ट केली हे एका बाप्टिस्ट पाळकाचे चिरंजीव, हे सांगितल्यावर पाळकसाहेबांचा धाकटा एकदम ताठ बसला. दुसऱ्याने इंजिनियर स्कॉटीचं नाव घेतलं. तो नट, जेम्स डूहान, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, त्या रात्री गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात सहसा दिसू नये अशी काळजी घेतली जाई. मुलांनी ताबडतोब ठरवलं की पुढच्या वेळी फक्त त्याचा हातच बघायचा.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. पण वाद वाढला की माणसं पात्रांना सोडून एकमेकांवर येतात. एका मुलाने दुसऱ्याला म्हटलं, “तुला काय कळतं? तुझ्या घरी तर टीव्ही पण नाही.” तो मुलगा काही बोलला नाही. उठून दारापाशी जाऊन पाऊस बघत उभा राहिला. हॉल शांत झाला.

त्या शांततेत सात वर्षांच्या एका चिमुकलीने विचारलं, “ती लाल फ्रॉकवाली ताई कोण आहे? कानात काहीतरी लावून बसते ती. तिचं नाव कुणीच का घेतलं नाही?”

तिचं नाव उहुरा. यानावरची निरोपांची अधिकारी. बाहेरून येणारा प्रत्येक संदेश ती ऐकणार आणि इथला प्रत्येक शब्द ती बाहेर पोहोचवणार. बहुतेक भागांत तिच्या वाट्याला दोन-चार वाक्यंच येत. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय होत्या. त्या काळी अमेरिकेच्या पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्री बहुधा मोलकरीण म्हणूनच दिसे. इथे ती गणवेशात, अधिकारी म्हणून, सर्वांच्या बरोबरीने बसलेली. पण पहिल्या वर्षानंतर त्या कंटाळल्या. त्यांना नाटकात जायचं होतं. मालिका सोडत असल्याचं त्यांनी निर्माते जीन रॉडनबेरी यांना सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी एका समारंभात कुणीतरी येऊन त्यांना म्हणालं की तुमच्या एका चाहत्याला भेटायचंय. वळून बघतात तो समोर रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग. ही हकिगत निकोल्स बाईंनी पुढे आयुष्यभर सांगितली. किंग म्हणाले की आम्ही घरी सगळे मिळून तुम्हाला बघतो. मालिका सोडतेय असं कळताच त्यांनी निक्षून सांगितलं की हे करू नका. तुम्ही तिथे बसलेल्या दिसता म्हणून आमच्या मुलांना कळतं की त्यांचीही जागा तिथे आहे. सोमवारी निकोल्स बाई परत कामावर गेल्या. पुढे १९७७ पासून त्यांनी नासासाठी फिरून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला लावले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. उहुराला बघून लहानपणी आपल्याला उमेद आली, असं त्या सांगत.

एका पाळकाने दोन-चार वाक्यांच्या भूमिकेत इतकं पाहिलं, हे आम्ही मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात त्याच चिमुकलीने विचारलं, “म्हणजे आपल्या मावशीसारखी? ती पण सगळ्यांचे निरोप सांगायची. ती आता का येत नाही?”

बंधुभगिनींनो, आम्हा चौघांना उत्तर देता आलं नाही. मेणबत्तीच्या उजेडात एकमेकांचे चेहरे दिसत होते आणि ते न दिसते तर बरं झालं असतं.

या मावशींबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत कोण आजारी आहे, कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचा मुलगा भरवेलीच्या खाणीत कामाला लागला, कोण मलाजखंडहून बदलून आलं, कुणाकडे आज प्रार्थना आहे, हे सगळं आम्हाला मावशींकडून कळायचं. कुठलं पद नाही. पंच नाहीत, महिला मंडळाच्या सेक्रेटरी नाहीत, गायनवृंदातही नाहीत. पायी चालत पाच-सहा घरं करायच्या, दारातूनच सांगायच्या, “अमक्याच्या आईला दवाखान्यात नेलं हो, आज रात्री नाव घ्या प्रार्थनेत.” चहा घ्या म्हटलं तर पुढचं घर राहिलंय म्हणायच्या. मोबाइल आले, ग्रुप झाले, तरी ज्या घरांत मोबाइल नाही त्या घरांना मावशीच होत्या.

गेल्या नाताळात आम्ही उपकारस्तुतीची यादी तयार केली. वर्षभर ज्यांनी सेवा केली त्यांची नावं उपासनेत वाचायची आणि प्रत्येकाला एक पवित्र शास्त्राची प्रत भेट द्यायची. सजावट करणारे, ध्वनिक्षेपक लावणारे, जेवण रांधणारे, देणगी देणारे, सगळे त्यात होते. आम्हा चौघांचीही नावं होती. आमच्याच हाताने लिहिलेली. मावशींचं नाव नव्हतं. मुद्दाम गाळलं असं नाही. आठवलंच नाही.

जानेवारीपासून त्या दिसेनाशा झाल्या. आमच्यातला एकजण एकदा म्हणालाही, “रागावल्या असतील.” आम्ही मान डोलावली आणि विषय सोडून दिला. मोठ्या माणसाने एवढं मनावर घेऊ नये, असंही कुणीतरी बोललं. ते कोण बोललं हे आम्हा चौघांनाही आठवतं.

दुसऱ्या दिवशी रविवारची उपासना झाल्यावर आम्ही मावशींच्या घरी गेलो. ती चिमुकली आणि आदल्या दिवशी दारात जाऊन उभा राहिलेला मुलगाही आमच्याबरोबर आले. घर गावाच्या टोकाला, वैनगंगेच्या बाजूला. पुढे धानाची बांधी, पेरणीची वाट बघत पडलेली. मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, डाव्या हाताने.

उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. मनगट वाकडं दिसत होतं.

आम्ही यादीची माफी मागायला गेलो होतो. वाटेत काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. पण हात बघून ते सगळं विसरलो. त्यांनीच सांगितलं. लेंटच्या दिवसांत पहाटे न्हाणीत पाय घसरला, मनगट मोडलं. मुलगा रायपूरकडे कामाला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. प्लास्टर निघालं, पण हाड नीट बसलं नाही. आता दोन बोटं पुरी उघडत नाहीत.

“आम्हाला कळवलं का नाही, मावशी?” आमच्यातली एक म्हणाली. म्हणता म्हणताच तिला कळलं की आपण काय विचारलं.

मावशी हसल्या. “कोण कळवणार बाबा? कळवणारी तर मीच होती.”

आम्ही यादीचा विषय काढला. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी येणार होती, लुगडंही काढून ठेवलं होतं. पण वाटलं, कोणी तरी विचारेल, मावशी काहून आल्या नाही. मग थांबली. मग पडली.”

त्यांनी आम्हाला माफ केलं असं आम्ही इथे लिहू शकतो, कारण त्यांनी तसं म्हटलं. पण ते ऐकून आम्हाला हलकं वाटलं असं मात्र नाही. पाच महिने एक माणूस आपल्या मंडळीतून नाहीसं होतं आणि आपण दर रविवारी ख्रिस्ताचं एक शरीर असल्याचं म्हणत राहतो.

मार्कच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू कफर्णहूमला घरी पोहोचल्यावर शिष्यांना विचारतो की वाटेत तुमचा काय वाद चालला होता. ते गप्प राहतात, कारण आपल्यात मोठा कोण यावरून ते भांडले होते. आम्ही हा उतारा अनेकदा शिकवला आहे. दरवेळी तो गर्वाबद्दल आहे असं सांगितलं. आता वाटतं की त्यात आणखीही काही आहे. मोठा कोण हे ठरवण्यात माणूस रमला की वाटेवर कोण मागे राहिलं तिकडे त्याचं लक्षच जात नाही. प्रभू त्यांना रागावत नाही. तो एक बालक घेतो आणि त्यांच्या मधोमध उभं करतो. आमच्याही मधोमध त्या शनिवारी त्याने एक बालकच उभं केलं, आणि तिने विचारलं की त्या ताईचं नाव कुणी का घेतलं नाही.

करिंथच्या मंडळीतही पार्ट्या पडल्या होत्या. कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा म्हणवून घेई. पौल त्यांना शरीराचा दाखला देतो. जे अवयव अशक्त दिसतात तेच अधिक गरजेचे, असं तो सांगतो, आणि एक दुखावला तर सगळेच दुखावतात. स्वतःला विचारून पाहा : पायाचं बोट ठेचलं तर डोक्याला कळायला पाच महिने लागतात का? आम्हाला लागले. तेव्हा आमचं शरीर कुठेतरी बधिर झालं होतं.

निघताना आम्ही प्रार्थना केली. मावशींनीच केली, आमच्या प्रत्येकाचं नाव घेऊन. मग ती चिमुकली पुढे झाली आणि तिने स्पॉकसारखा हात वर केला, दोन बोटं इकडे, दोन तिकडे, मधे फट. मावशींनी विचारलं, “हे काय गं, आशीर्वाद का?”

आमच्यातल्या एकाला यातली गोष्ट माहीत होती, ती त्याने तिथेच सांगितली. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय ज्यू होते. बॉस्टनमध्ये लहानपणी सभास्थानात गेले असताना याजकांचा आशीर्वाद चालू होता. अशा वेळी डोळे झाकायचे असतात, पण त्यांनी बोटांच्या फटीतून पाहिलं. याजकांचे हात असेच उचललेले होते. १९६७ मध्ये एका भागासाठी अभिवादन हवं होतं, तेव्हा त्यांनी तेच दिलं. आणि तो आशीर्वाद कोणता? गणना, सहावा अध्याय, चोवीस ते सव्वीस. आपले पाळकसाहेब दर रविवारी शेवटी दोन्ही हात उंचावून देतात तोच.

“मग बरोबरच ओळखलं मी,” मावशी म्हणाल्या. त्यांनीही उजवा हात वर केला. दोन बोटं उघडली नाहीत. तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला, आम्ही फाटकाबाहेर जाईपर्यंत. मुलगा वाटेत एकच वाक्य बोलला, “स्कॉटीचा हात.” आणि मग बराच वेळ शांत चालला.

आता काय करतो आहोत तेही सांगतो, नाहीतर हा लेख नुसता रडगाणं होईल. मावशींच्या हातासाठी गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. व्यायाम सांगितलाय, बोटं किती उघडतील ते प्रभू जाणे. निरोपांची घरं आम्ही आणि थोरल्या मुलांनी वाटून घेतली आहेत. ज्या मुलाने टीव्हीवरून टोमणा मारला होता त्याने माफी मागितली आणि दोघे मिळून तीन घरं करतात. आणि दर रविवारी उपासनेनंतर आम्ही चौघे हॉलमध्ये पाच मिनिटं थांबून एकच प्रश्न विचारतो : आज कोण दिसलं नाही? गेल्या दोन महिन्यांत या प्रश्नाने आम्हाला चार घरी नेलं. एका घरी आम्हाला दार उघडलं नाही. तिथे पुन्हा जायचं आहे.

कर्क मोठा की स्पॉक, हा वाद मुलांनी सोडलेला नाही. सोडूही नये, त्यात गोडी आहे. फक्त वाद सुरू झाला की ती चिमुकली आठवण करून देते, “उहुराचं पण नाव घ्या.”

वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. आपल्या मंडळीतलं असं एक माणूस आठवा ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. या आठवड्यात त्याच्या घरी जा. फोन नको, पायी जा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. ज्यांची नावं आम्ही विसरलो त्यांची आम्हाला आठवण दे. मोठेपणाच्या वादात आमचं लक्ष मागे राहिलेल्यांवरून हटू देऊ नकोस. आमच्या मंडळीच्या शरीरात जिथे बधिरपणा आला आहे तिथे पुन्हा दुखू दे, म्हणजे आम्ही धावून जाऊ. मावशींच्या हाताला बरेपणा दे आणि त्या हाताने दिलेला आशीर्वाद आमच्यावर राहू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.